टोमॅटोला जागा

परसातल्या टोमॅटोंनी यंदा घर भरून टाकलं होतं. शेजारीपाजारी वाटूनही टोपल्या काही रिकाम्या होईनात. शेवटी नणंदेनेच पदर खोचला. वहिनी कामावर गेलेली असताना फ्रीजर बंद केला, आतला बर्फ वितळवला आणि टोमॅटोच्या पिशव्या ठासून भरल्या.

"वहिनी, केवढा बर्फ साचू दिला होतास गं! आता बघ कशी ऐसपैस जागा झाली!"

वहिनी कशीबशी हसली आणि न्हाणीघराचं दार लावून पोटभर रडली. फ्रीजरच्या भिंतीवरच्या त्या बर्फात तिच्या गेलेल्या लेकीच्या इवल्याशा हाताचा ठसा होता.

काही महिन्यांनी टोमॅटोची शेवटची पिशवी काढायला वहिनीने फ्रीजर उघडला, तेव्हा भिंतीवर पुन्हा बर्फ धरला होता. त्यावर ठसाही होता.



लेकीचा हात चांगला बोटभर वाढला होता.