फोनवरचा दुसरा मजला

हे कुणालाही खरं वाटणार नाही, पण जोत्यावर ज्याची एक वीटही चढली नव्हती, त्या घराचा दुसरा मजला आप्पांनी भर दुपारी, फोनवर, पंधरा मिनिटांत उभा केला. गल्लीत त्यांना दुमजली आप्पा म्हणत ते काही उगाच नाही. साधी सर्दी झाली तरी तिच्यावर ते आणखी एक मजला चढवत.

पण आज गंमत नव्हती. पलीकडे, परदेशात, लेकाची जेवणाची सुट्टी चालू होती. लेक गवंडी. चार वर्षं परक्यांचे मनोरे बांधत होता. पुढच्या तीन वर्षांच्या कराराचा कागद त्याच्यासमोर होता आणि सुट्टी संपायच्या आत सही हवी होती.

"आप्पा, खरं सांगा. घर होत आलं असेल तर येतो. नसेल तर सही करतो. घर अर्धं असताना मी परत यायचा नाही."

आप्पांनी लेकाच्या आईकडे पाहिलं. आई त्यांच्या आवाजाच्या दिशेनं बघत होती. एक डोळा गेलाच होता, दुसरा तीन वर्षं तग धरेल की नाही, हे डॉक्टरांनीही हातचं राखूनच सांगितलं होतं. लेकाला कळवायचं नाही, ही तिची शपथ. कळलं तर औषधपाण्यासाठी म्हणून आणखी एक सही करील.

"होत आलं म्हणजे काय!" आप्पा म्हणाले. "दुसरा स्लॅब टाकून झाला. आता गिलावा चाललाय. आवाज ऐक."

आईनं मुकाट्यानं थापी उचलली आणि रिकाम्या घमेल्यावर ठण् ठण् सुरू केलं.

खरं तर अंगणात होतं नुसतं जोतं. त्यावर गवत उगवलेलं, आणि शेजारची मांजर तिथं बाळंत झालेली. लेकाचा पैसा वेळेवर येत होता. सगळ्याच घरांत येत होता. त्यामुळे गल्लीत सगळ्यांनाच एकदम घरं बांधायची होती. वीटवाला फोन उचलेना. वाळू सोन्यासारखी झाली. तरी तेही जमलं असतं. जमेना ते एकच. गवंडी मिळत नव्हता. ज्याला ज्याला थापी धरता येत होती, तो तो लेकाच्याच मागोमाग विमानात बसला होता. उरले होते एक म्हातारे उस्ताद, ज्यांनी लेकाला काम शिकवलं. जोतं त्यांनीच भरलं. मग, "दोन दिवसांत येतो," म्हणाले आणि भिंतीची सरळ रेषा बघायचा आपला ओळंबा खिळ्याला अडकवून गेले. त्याला दोन महिने झाले.

"कॅमेरा लावा ना," लेक म्हणाला.

"कॅमेऱ्यात सिमेंट गेलंय."

"बरं. बांधतंय कोण?"

"उस्तादच! दुसऱ्या कुणाला हात लावू देईन होय मी?"

आईचं घमेलं थांबलं. आप्पांनी हातानंच खूण केली, बडव, बडव.

"मग उस्तादांना द्या फोन."

उस्ताद गालात तंबाखू धरून बोलत. आप्पांनी फोन छातीशी दाबला, रुमालाच्या टोकाचा बोळा केला आणि गालात कोंबला.

"अहो, नका," आई कुजबुजली. "तो पोरगा त्यांच्या हाताखाली वाढलाय."

"तू वाजव," आप्पा बोळ्यातून म्हणाले आणि फोन तोंडाशी धरला. "काय रे पोरा! कागद फेकून दे आणि ये. वास्तूला मालक नको?"

"उस्ताद," लेक सावकाश म्हणाला, "तुमचा ओळंबा आहे ना जवळ?"

आप्पांनी उडी मारूनच खिळ्यावरचा ओळंबा काढला. "हा काय, हातातच आहे." त्या दुपारचं त्यांचं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

पलीकडे कुणीतरी खोकलं. जाड, ओला, ओळखीचा खोकला. मग कागदाची सळसळ. आईच्या हातातली थापी वरच्या वर थांबली.

"उस्ताद म्हणताहेत, सही करू नको," लेक म्हणाला.

"मग मी दुसरं काय सांगतोय!" आप्पा बोळ्यासकट गरजले.

"तुम्ही नव्हे हो, आप्पा. खरे उस्ताद. दोन महिने झाले, इथंच कामाला आहेत, आत्ता माझ्या शेजारी डबा घेऊन बसलेत. तुमच्या तोंडून स्वतःला बोलताना ऐकून हसताहेत की रडताहेत, काही कळत नाही. आपल्याकडे आता वीट ठेवणारा एक हात उरला नाही, निदान तू तरी जा म्हणतात. कागद देतो परत. गालातलं काय असेल ते काढा, आईचे हात दुखले असतील, आणि तो ओळंबा आता खिळ्याला लावू नका. मला लागणार आहे."