फर्स्ट, सेकंड, नाइट

शालिनीने फळ्यावर लिहिलं, स्वतंत्र चल आणि अवलंबी चल, आणि नववीच्या मुलींकडे वळून विचारलं, "कुणाकुणाचे वडील शिफ्टला जातात?"

अर्ध्या वर्गाचे हात वर. बडोद्यात दुसरं काय होणार!

मागच्या बाकावर मुख्याध्यापिका मथुराबाई बसल्या होत्या. पाठ त्यांना पसंत पडला तर गणिताची जागा शालिनीची. आणि ही नोकरी तिला काही हौस म्हणून नको होती. बाहेरचा माल स्वस्तात यायला लागला आणि तिच्या नवऱ्याच्या, जनार्दनच्या, कंपनीला दिवाळीत टाळं लागलं. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. पण हे बोलायचं नाही, असं जनार्दनने बजावून ठेवलेलं. मथुराबाई त्याच्या वडिलांना ओळखत होत्या. आज त्यांना कळलं की उद्या घराभोवतालच्या सगळ्या नागरवाड्याला. म्हणून हा गृहस्थ अजूनही फर्स्ट, सेकंड, नाइट अशा शिफ्टा लावून घराबाहेर पडायचा आणि कमाटीबागेत, नाहीतर स्टेशनवर वेळ काढून परत यायचा. डबा शालिनी भरून द्यायची. करते काय?

आत्ताही तिला स्कूटरवरून घेऊन आलेला तो वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, इस्त्री केलेला.

"बाबांची शिफ्ट बदलली की घरात काय काय बदलतं?" शालिनीने विचारलं.

"जेवायची वेळ."

"नाइट असली की दुपारी टीव्ही बंद."

"आमच्याकडे आई कुकरसुद्धा लावत नाही. शिट्टीने बाबा उठतात."

वर्ग हसला. मथुराबाईही हसल्या.

"बरं, आता सांगा, शिफ्ट घराला विचारून बदलते का?"

"नाही!"

"घर मात्र शिफ्ट बघून बदलतं. म्हणजे शिफ्ट स्वतंत्र चल, घर अवलंबी चल. समीकरणातही असंच असतं. एक्स आधी बदलतो आणि वायला त्याच्यामागून जावं लागतं. कोण कुणाच्या मागून जातंय, तेवढं ओळखायचं."

पूर्वी नावाच्या गुजराती मुलीने हात वर केला. "बाई, कंपनीच बंद पडली तर? मग घर बदलायचं थांबणार ने?"

शालिनीने फळा पुसायला घेतला.

"थांबायला पाहिजे," ती म्हणाली आणि तिने दुसरं उदाहरण घेतलं.

पाठ संपल्यावर मथुराबाईंनी तिला ऑफिसात बसवलं. बाई एकदम खूश होत्या. हा धडा मुलींना इतका सोपा करून कुणी सांगितला नव्हता, म्हणाल्या. "सकाळची शाळा मुलींची, दुपारची मुलांची. दोन्हीकडे जागा आहे. तुम्हाला कुठली वेळ बरी पडेल?"

इतका साधा प्रश्न. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने शालिनीच्या तोंडून निघून गेलं, "या आठवड्यात दुपारी चालेल, यांना सेकंड आहे. पुढच्या आठवड्यात फर्स्ट, मग सकाळी."

मथुराबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, शाळा अशी शिफ्टवर कशी चालेल?"

"नाही नाही, चुकून बोलले मी. कुठलीही वेळ द्या, मला जमेल."

"आत्ता जमेल म्हणाल. गेल्या वर्षी अशाच एक बाई ठेवल्या होत्या. मिस्टर शिफ्टला. ऐन परीक्षेच्या तोंडावर सोडून गेल्या आणि माझी फजिती झाली."

खरं तर एका वाक्याचं काम होतं. शालिनीने दाराकडे पाहिलं. जनार्दन आता तिथे येऊन उभा होता, सगळं ऐकत. सांगा ना हो, तिने मनातल्या मनात म्हटलं. मला सांगायला बंदी आहे, तुम्हाला कुठे आहे?

मथुराबाईंनाही अशी शिक्षिका हातची घालवायची नव्हती. त्यांनीच त्याला आत बोलावलं. "जनार्दनराव, तुम्हाला कायमची फर्स्ट नाही का मागून घेता येणार? बाई शिकवतात फार छान."

जनार्दनने शर्टाची कॉलर नीट केली.

"मागून बघतो की," तो म्हणाला. "पण आमच्या साहेबांचं काही सांगता येत नाही. आज हो म्हणतील, उद्या नाही."

"मग राहू दे," मथुराबाई म्हणाल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

दोघं फाटकाबाहेर आली. जनार्दनने स्कूटरला किक मारली. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मिळेल दुसरीकडे. चल, बस लवकर. मला दोनला निघायचंय."

शालिनी मागे बसली. लग्न झाल्यापासून या माणसाचा इतका संताप तिला कधी आला नव्हता.

"निघा ना," ती म्हणाली. "आणि आज ड्यूटीवर गेलात की साहेबांना माझा नमस्कार सांगा."