दुसरं टोक

होडी गाडीच्या टपावर चढवायला दोन माणसं लागतात. अकरा उन्हाळे, दर शनिवारी, दुसरं टोक शेजारचे म्हातारे तोरफिन उचलायचे. यंदा उचलताना ते कण्हले, म्हणून मी लोखंडी पट्ट्या वाकवून टपावरच्या कॅरिअरला घरीच ब्रॅकेट बनवले, त्यावर फिरता रूळ बसवला आणि होडी एकटीनं सरकवली. तोरफिन हातमोजे घालून आले, थबकले. एकेक नटबोल्ट हलवून बघितला. “दहा वर्षं हलायचं नाही, पोरी. सुटलो एकदाचा!” म्हणत हातमोजे खिशात कोंबून परतले. पुढचे तीन शनिवार मी कुणाशी चकार शब्द न बोलता तळ्यावर जाऊन आले. आमच्या नॉर्वेत कामाशिवाय कुणी कुणाचं दार वाजवत नाही. आज पाना घेऊन मीच रूळ खिळखिळा केला, त्यांचं दार वाजवलं. “रूळ बिघडलाय. जरा हात लावता?” “टिकायचं नाही, म्हणालोच होतो!” हातमोजे त्यांनी घातलेलेच होते.