शिस्तीचा चोर

"तुझा हा चोर भलताच शिस्तीचा दिसतोय," चाचणी घेणारी सहकारी अडवलेल्या संदेशांची यादी सरकवत म्हणाली. "रात्री दहाला झोपतो, सकाळी सहाला कामाला लागतो."

इंजिनिअर हसला. आज त्याची कॉलर ताठ होती. छातीवर चिकटवून हृदयाचे ठोके मोजणारी त्याची पट्टी तेरा दिवसांपासून तीस रुग्णांवर चाचणीला होती, आणि गेल्या नऊ दिवसांत साडेआठ हजार बनावट संदेश तिच्या पहाऱ्याने बाहेरच अडवले होते. पट्टीचा जीव तो केवढा, बटणाएवढ्या सेलचा. आत घड्याळसुद्धा परवडत नव्हतं. म्हणून त्याने साधी युक्ती केली होती: दर मिनिटाच्या संदेशाला कुलूप आणि त्यावर चढता क्रमांक. मागचा क्रमांक पुन्हा आला की कुणीतरी जुना संदेश चोरून परत पाठवतोय असं धरायचं आणि तो न उघडताच बाद करायचा. साहेब तर ही युक्ती प्रत्येक बैठकीत स्वतःचीच असल्यासारखी सांगत.

सतरा नंबरची पट्टी त्याच्या आईला लावलेली होती. पडद्यावर प्रत्येकाच्या शेवटच्या मंजूर संदेशातला ठोक्यांचा आकडा दिसे. तिचा बहात्तर. रोज तो बघितल्याशिवाय हा चहाला हात लावत नसे. आई कशी ठणठणीत आहे, हे त्याने साऱ्या ऑफिसला ऐकवून झालं होतं.

"अरे, हे सगळे एकाच पट्टीचे आहेत." सहकारिणीचं हसू मावळलं. "सतरा नंबर. मी कुलूप तपासलं. अस्सल आहे."

त्याने पहिल्यांदाच एक बाद संदेश उघडला. काल दुपारचा. ठोके अडतीस. मग दहा मिनिटांपूर्वीचा उघडला. छत्तीस.

"ॲम्ब्युलन्स पाठव, आईच्या घरी," तो कसाबसा म्हणाला आणि त्याने आईला फोन लावला.

"आई, पट्टीचा सेल काढतेस का तू?"

"रात्रीपुरता. सेल जपून वापर, असं तूच म्हणालास ना? झोपेत कशाला फुकट घालवायचा? सकाळी उठले की आठवणीने घालते हो."

तो घाबरला. सेल काढला की पट्टी क्रमांक विसरायची. तो टिपून ठेवण्यात सेल खर्ची पडतो, म्हणून त्यानेच ती सोय गाळली होती. पहिल्या चार दिवसांत क्रमांक पाच हजारांपलीकडे गेला होता. त्यानंतर आईची पट्टी रोज सकाळी एकपासून सुरू होत होती, आणि त्याचा पहारा तिला दिवसभर चोर ठरवत होता.

"दोन दिवस जरा गरगरतंय खरं," आई सांगत होती. "शेजारीण मागे लागली होती, डॉक्टरांकडे चला म्हणून. मी म्हटलं, छे! तसं काही असतं तर माझ्या मुलाचा फोन आला असता."

"आई, आहेस तिथेच बसून राहा. गाडी येतेय," तो म्हणाला. "हाच तो फोन."