उबदार कोपरा

सोलमध्ये इनसूचा लॅपटॉप गेममध्ये सुसाट पळे, पण हिवाळ्यात गावी आईकडे आणला की ऐन लढाईत चित्र अडखळे. मग वैतागून इनसू दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी पकडे. या खेपेला त्याने थेट दुकानदाराला फोन लावला. "काका, भारी प्रोसेसरवाला नवा काढून ठेवा."

"प्रोसेसर तापला की मंदावतोच रे. घरी ठेवतोस कुठे, ते आधी बघ."

इनसूने वळून पाहिलं. खालून तापवलेल्या जमिनीच्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात आई लॅपटॉपवर दुलई पांघरत होती.

"आई, ती तर पाहुण्याची जागा ना?"

"मग? तो खूश असला तरच तू राहतोस."

इनसूने लॅपटॉप गार ओसरीवर नेऊन ठेवला आणि दुलईत स्वतः शिरला.