चौथं नाव

चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात सुमेधाने पर्समधून घडी केलेली झेरॉक्स काढली आणि अँड्रुलापुढे धरली.

"हा ठिपका बघ."

मजकुराच्या सुरुवातीला एक काळा ठिपका होता, शेवटी आणखी एक. ते अमेरिकन काँग्रेसच्या कामकाजाच्या छापील वृत्तांतातलं पान होतं. इथून निवडून आलेल्या काँग्रेसमनचं सायप्रसवरचं भाषण, १९७४ च्या तुर्की आक्रमणात बेपत्ता झालेल्या माणसांविषयी. त्यात अँड्रुलाच्या भावाचं नाव होतं, खारालांबोस. तेच पान फ्रेम करून तिची आई आज बाहेर हॉलमध्ये घेऊन बसली होती. काँग्रेसमन जेवायला येणार होते.

"काल तुझ्या मावश्यांसाठी कॉपी काढायला लायब्ररीत गेले होते," सुमेधा म्हणाली. "अंकाच्या पहिल्या पानावर खुलासा आहे. ज्या भाषणाला हा ठिपका, ते सभागृहात कुणी बोललेलंच नाही. नुसतं लिहून दिलेलं."

अँड्रुलाने कॉफीचं भांडं शेगडीवरून उतरवलं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दोघी सहा वर्षं शेजारी बसत होत्या.  

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून. त्यांच्या ऑफिसातल्या मुलीनेच सांगितलं. सगळेच करतात म्हणे." तिने कप मांडायला घेतले. "सुमेधा, तुर्कस्तानला अमेरिकेची दहा डॉलरची मदत, तर ग्रीसला सात. हे प्रमाण बिघडू नये म्हणून हा माणूस दर वर्षी आमच्या बाजूने मत देतो. मत तरी खरं असतं. आज त्याला दुखवून चालणार नाही."

"आणि काकू?"

"आईला काही बोलू नकोस."

अँड्रुलाच्या आईला सुमेधा पहिल्या भेटीपासून काकू म्हणायची, आणि अर्थ न विचारता त्याही ओ द्यायच्या. जुलैत हे पान आलं तेव्हा काकूंनी ते सुमेधापुढे ठेवलं होतं. दर तीन महिन्यांनी त्यांची शुगर तीच तपासायची, आणि आकडा कधी कमी करून सांगायची नाही. "तू मोजणारी बाई आहेस," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या होत्या. "सांग. खरंच बोलला तो? मोठ्याने?" सुमेधाने पान वाचलं होतं. ठिपके तिला तेव्हाही दिसले होते. नक्षी असेल असं वाटलं होतं. "हो काकू, बोलले. इथे छापलंय," असं तिने सांगितलं होतं.

हॉलमध्ये मराठी मंडळातला नरेंद्र कागदी बशीत बकलावा घेऊन उभा होता. पिस्कॅटवेहून तासभर ड्राइव्ह करून तो मुख्यतः त्यासाठीच आला होता. तिने हळूच त्याला सगळं सांगितलं.

"अगं, त्यात काय एवढं?" तो मराठीत म्हणाला. "आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रल्हादकाकांचं अध्यक्षीय भाषण दर वर्षी छापतोच की आपण. गेल्या दिवाळीला तर ते आलेही नव्हते. तू उगाच सीरियस होतेस यार."

"प्रल्हादकाकांना कुणी विचारत नाही, माझा मुलगा कुठे आहे म्हणून."

नरेंद्रने तोंडाकडे नेलेला तुकडा बशीत परत ठेवला.

टाळ्या सुरू झाल्या. काँग्रेसमन आत आले, छातीवरचे बिल्ले वाचत एकेकाला नावाने हाक मारत पुढे सरकले. काकूंजवळ पोचले तशा त्या उठल्या. फ्रेम दोन्ही हातांत. त्यांनी ग्रीकमध्ये काहीतरी विचारलं.

"आई विचारतेय," अँड्रुला म्हणाली, "तुम्ही त्याचं नाव घेतलंत, तेव्हा तिथली माणसं काय करत होती?"

काँग्रेसमननी काकूंच्या मनगटावर हात ठेवला. "सांगा त्यांना, सगळं सभागृह शांत झालं होतं. तो क्षण मी कधीच विसरणार नाही."

अँड्रुलाने आईच्या हातातल्या फ्रेमकडे पाहिलं. मग तिने आईला सांगितलं. सुमेधाला ग्रीक येत नव्हतं. पण अँड्रुलाचं बोलणं काँग्रेसमनच्या बोलण्याइतकंच लांब होतं. तिने काहीही गाळलं नव्हतं.

काकूंनी ऐकून घेतलं. मग रिपोर्टच्या दिवशी पाहायच्या तसं त्यांनी सुमेधाकडे पाहिलं.

सुमेधाने होकारार्थी मान हलवायला हवी होती. तिची नजर काचेखालच्या ठिपक्यावर गेली आणि तिथून उचलली गेली नाही.

काकूंनी फ्रेम टेबलावर ठेवली, उपडी. काळ्या पर्समधून दोन चिठ्ठ्या काढल्या. त्या चिठ्ठ्या काकू दर रविवारी पाद्र्यांना प्रार्थनेत वाचायला द्यायच्या आणि परत घ्यायच्या. एकीवर गेलेल्या माणसांची नावं, दुसरीवर हयात असलेल्यांची. मुलाचं नाव दहा वर्षं दुसरीवर होतं, चौथं.

ती चिठ्ठी त्यांनी काँग्रेसमनपुढे उलगडली आणि चौथ्या नावाखाली बोट ठेवलं. या वेळी अँड्रुलाने भाषांतर करावं म्हणून त्या थांबल्या नाहीत.

"बोल," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आता बोल."

काँग्रेसमन हसत वाकले. अक्षरं ग्रीक होती. त्यांनी मागे उभ्या असलेल्या मदतनिसाकडे पाहिलं. मदतनिसाने घाईने इंग्रजी पानाच्या फ्रेमकडे हात नेला, पण तिच्यावर काकूंचा डावा तळवा होता.

सगळा हॉल शांत झाला. उजव्या हाताचं बोट चिठ्ठीवर अजून तिथेच होतं.