उपसा

१९८४ चा वैशाख. कुत्र्याच्या मागे लागलेला बिबट्या कुत्र्यासकट आप्पांच्या विहिरीत पडला, आणि चिऱ्यांच्या एकाच कपारीत दोघं दोन दिवस अंगाला अंग लावून बसून राहिले. गावात पाणी उरलेली तेवढीच विहीर, म्हणून बायका पलीकडच्या कडेने कळशी सोडून पाणी भरतच होत्या. येणारा-जाणारा वाकून बघायचा नि म्हणायचा, "जनावरं असून वैर विसरली हो!"

तिसऱ्या दिवशी शिडी सोडली तसा बिबट्या चढून रानात पळाला. कुत्र्याला काही चढता येईना, आणि चावेल म्हणून खाली उतरायला कोणी तयार होईना.

"भिकू, उतर बघू तू," आप्पा म्हणाले.

बौद्धवाडीतला भिकू जन्मात पहिल्यांदा त्या विहिरीत उतरला आणि कुत्र्याला खांद्यावर घेऊन वर आला. सगळ्यांनी शाबासकी दिली. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या दिवशी तो कुत्र्याची चौकशी करायला गेला, तर इंजिन लावून विहीर उपसणं चाललेलं.

"बरं केलंत आप्पा. बिबट्या बसलेलं पाणी कोण पिणार?"

आप्पा त्याच्याकडे न बघता म्हणाले,

"बिबट्या होता, तोवर आम्ही तेच पीत होतो रे."